विवाह, वय आणि प्रतिनिधित्व : हवाई सुंदरींच्या संघटनांच्या राजकीय पाठपुराव्याचा इतिहास

प्रस्तावना

सातारा व सांगली जिल्ह्यांतील महाविद्यालयांत कामगार चळवळीचा इतिहास शिकविताना गिरणगावाचा उल्लेख टाळता येत नाही. माण, खटाव, जावळी, पाटण, शिराळा या तालुक्यांतून मुंबईच्या कापड गिरण्यांत गेलेल्या पिढ्यांमुळे १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला गिरणी संप हा येथील अनेक घरांचा स्वतःचा अनुभव आहे. त्या संपात वेतन व बोनस यांच्याइतकाच कळीचा ठरलेला प्रश्न होता तो प्रतिनिधित्वाचा. मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम, १९४६ नुसार वाटाघाटींचा अधिकार राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता; संपकरी कामगार मात्र डॉ. दत्ता सामंत यांच्यामागे उभे होते. साखर उद्योगालाही हाच अधिनियम लागू करण्यात आल्यामुळे 'प्रातिनिधिक संघ' ही संज्ञा या परिसराला अपरिचित नाही. कामगारांच्या नावाने करार कोण करतो आणि तो करार प्रत्यक्षात कोणाच्या हिताचा असतो, हा प्रश्न येथील कामगारांनी जवळून पाहिला आहे.

त्याच मुंबईत, जवळजवळ त्याच काळात, हाच प्रश्न एका लहान कामगारवर्गापुढेही उभा होता. हा वर्ग म्हणजे एअर इंडियाच्या हवाई सुंदरी. त्यांची छायाचित्रे जाहिरातींत सर्वांनी पाहिली. कामगार म्हणून त्यांनी दिलेल्या लढ्याची नोंद मात्र मराठी इतिहासलेखनात फारशी झालेली नाही. विधी महाविद्यालयांत त्यांच्या खटल्याचा अभ्यास होतो, परंतु तो राज्यघटनेच्या अनुच्छेद १४ व १५ चे उदाहरण म्हणून. प्रस्तुत लेखात हा लढा कामगार संघटनांच्या राजकीय पाठपुराव्याचा इतिहास म्हणून तपासण्याचा प्रयत्न केला आहे. न्यायालयाने जे नाकारले ते हवाई सुंदरींनी पुढे संसद व शासन यांच्याकडून मिळविले, आणि या वाटचालीत त्यांना व्यवस्थापनाइतकाच संघटनेतील प्रतिनिधित्वाचा प्रश्नही अडथळा ठरला, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

नोकरीची घडण : 'सुंदरी' या शब्दाचा अर्थ

विमानात प्रवाशांच्या सेवेसाठी स्त्रिया नेमण्याची प्रथा १९३० मध्ये अमेरिकेत सुरू झाली. एलेन चर्च या परिचारिकेने बोइंग एअर ट्रान्सपोर्ट कंपनीत मे १९३० मध्ये पहिले उड्डाण केले. विमानप्रवासाची भीती बाळगणाऱ्या प्रवाशांना परिचारिकेच्या उपस्थितीने धीर येईल, हा त्यामागील विचार होता. परिचारिकेची पात्रता पुढे मागे पडली. अविवाहितपण, कमी वय व मर्यादित वजन या अटी मात्र जगभरच्या विमान कंपन्यांनी उचलल्या. मराठीत या नोकरीसाठी रूढ झालेला 'हवाई सुंदरी' हा शब्द या दृष्टीने सूचक आहे. शिक्षिका, परिचारिका, टंकलेखिका हे शब्द काम सांगतात; 'हवाई सुंदरी' हा शब्द काम न सांगता रूप सांगतो. नोकरीच्या नियमांतही नेमके हेच घडले होते.

भारतात एअर कॉर्पोरेशन्स अधिनियम, १९५३ अन्वये १ ऑगस्ट १९५३ पासून विमानसेवेचे राष्ट्रीयीकरण झाले. परदेशी उड्डाणांसाठी एअर इंडिया इंटरनॅशनल व देशांतर्गत उड्डाणांसाठी इंडियन एअरलाइन्स अशी दोन महामंडळे स्थापन झाली. मालक खाजगी भांडवलदार नसून शासन होते. त्यामुळे सेवाशर्तींचा प्रश्न आपोआपच राजकीय स्वरूपाचा झाला. महामंडळाच्या विनियमांना शासनाचे पाठबळ होते, शासनाला महामंडळास निदेश देण्याचा अधिकार होता आणि शासन संसदेस उत्तरदायी होते. हवाई सुंदरींच्या पुढील लढ्यात ही साखळी निर्णायक ठरली.

एअर इंडियाच्या केबिन कर्मचाऱ्यांत प्रामुख्याने दोन गट होते. पुरुष 'सहायक फ्लाइट पर्सर' म्हणून व स्त्रिया 'हवाई सुंदरी' म्हणून नेमल्या जात. विमानात दोघांच्या कामाचा बराचसा भाग समान असे, परंतु निवृत्तीच्या अटी वेगळ्या होत्या. पुरुष कर्मचारी वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त होत. हवाई सुंदरीची सेवा मात्र वयाची ३५ वर्षे पूर्ण झाल्यावर, अथवा सेवेच्या पहिल्या चार वर्षांत विवाह केल्यास, अथवा पहिल्या गरोदरपणी, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा संपुष्टात येई. ३५ नंतर दरवर्षी एक याप्रमाणे ४५ पर्यंत मुदतवाढ देता येत असे. परंतु ती देणे न देणे व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीवर अवलंबून होते. बावीसाव्या वर्षी रुजू झालेल्या पुरुषास ३६ वर्षांची सेवा मिळे. त्याच वयात रुजू झालेल्या स्त्रीस निश्चित मिळे ती जास्तीत जास्त १३ वर्षांची. पदोन्नती, भविष्यनिर्वाह निधी व निवृत्तीनंतरचे लाभ या साऱ्यांवर या फरकाचा परिणाम होत असे.

न्यायाधिकरणांचा टप्पा : १९६५ ते १९७२

या अटींविरुद्धचा पहिला संघटित प्रयत्न औद्योगिक न्यायाधिकरणांपुढे झाला. १९६५ च्या खोसला निवाड्याच्या वेळी कर्मचारी संघटनेने हवाई सुंदरींची निवृत्तीची वयोमर्यादा ४५ पर्यंत वाढविण्याची मागणी केली. त्यावर व्यवस्थापनाची भूमिका अशी होती की, निरनिराळ्या स्वभावाच्या प्रवाशांना तरुण व आकर्षक स्त्री अधिक कौशल्याने हाताळू शकते. संघटनेची मागणी मान्य झाली नाही. १९७२ च्या महेश निवाड्यानंतरही या व्यवस्थेचा गाभा कायम राहिला.

याच सुमारास मुंबईतील दुसऱ्या एका उद्योगात वेगळा निर्णय लागला होता, याची नोंद घेणे आवश्यक आहे. एका औषध कंपनीतील स्त्री-कामगारांनी विवाह करताच त्यांची नोकरी संपुष्टात आणणारा नियम 'बॉम्बे लेबर युनियन'ने आव्हानित केला आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये तो असमर्थनीय ठरविला. विवाहित स्त्रिया अधिक गैरहजर राहतात हा मालकाचा युक्तिवाद न्यायालयाला पटला नाही. त्या वेळी भारताच्या सरन्यायाधीशपदी न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर होते. साताऱ्यात १९०१ मध्ये जन्मलेल्या या न्यायाधीशाने भारतीय औद्योगिक कायद्याच्या जडणघडणीत मोठा वाटा उचलला आणि पुढे १९६६ ते १९६९ या काळात पहिल्या राष्ट्रीय श्रम आयोगाचे अध्यक्षपद भूषविले. म्हणजेच विवाह हे नोकरी काढून घेण्याचे कारण होऊ शकत नाही, हे तत्त्व एका कामगार संघटनेच्या प्रयत्नाने मुंबईत प्रस्थापित झाले होते. औषधे बांधणाऱ्या स्त्रीला मिळालेले हे संरक्षण विमानात सेवा करणाऱ्या स्त्रीला मात्र मिळाले नाही.

बदलती राजकीय हवा

१९७० च्या दशकात परिस्थिती बदलू लागली. स्त्रियांच्या दर्जाविषयी नेमलेल्या समितीचा अहवाल १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला, १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष म्हणून साजरे झाले आणि त्याच वर्षीच्या अध्यादेशाचे रूपांतर समान वेतन कायदा, १९७६ मध्ये झाले. १९७९ मध्ये परराष्ट्र सेवेतील सी. बी. मुथम्मा यांच्या प्रकरणात स्त्री अधिकाऱ्यांच्या विवाहावर बंधने घालणाऱ्या नियमांवर न्या. कृष्ण अय्यर यांनी कठोर टीका केली.

परदेशांतही हा प्रश्न धसास लागला होता. अमेरिकेत हवाई सेविकांच्या संघटनांनी १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचा आधार घेऊन समान रोजगार आयोगापुढे सातत्याने तक्रारी मांडल्या आणि १९६८ मध्ये आयोगाने वयाची व विवाहाची अट कायद्याशी विसंगत ठरविली. बेल्जियमच्या सबेना कंपनीतून १९६८ मध्ये चाळिसाव्या वर्षी निवृत्त व्हावे लागलेल्या गॅब्रिएल डेफ्रेन यांच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने १९७६ मध्ये समान वेतनाचे तत्त्व थेट अंमलात आणण्याजोगे असल्याचा निर्णय दिला.

भारतात मात्र एक उलटी घटना घडली. समान वेतन कायद्याच्या कलम १६ खाली केंद्र शासनाने १५ जून १९७९ रोजी असे घोषित केले की, एअर इंडियातील स्त्री व पुरुष केबिन कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींतील फरक हा लिंगभेदावर आधारलेला नाही. कायदा करणारे शासन आणि महामंडळाचा मालक असलेले शासन एकच असल्याचा हा परिणाम होता. कायद्याने उघडलेले दार घोषणेने बंद झाले. हे दार पुन्हा उघडायचे तर शासनावरच दबाव आणावा लागणार होता. परंतु हवाई सुंदरींनी प्रथम न्यायालयाचा मार्ग पत्करला.

नर्गेश मिर्झा खटला, १९८१

१९८० मध्ये मुंबई उच्च न्यायालयात नर्गेश मिर्झा व इतर हवाई सुंदरींनी याचिका दाखल केली. ती पुढे सर्वोच्च न्यायालयाकडे वर्ग झाली आणि २८ ऑगस्ट १९८१ रोजी न्या. फझल अली यांनी निकालपत्र दिले. पहिल्या गरोदरपणी नोकरी संपविण्याची अट न्यायालयाने रद्द केली. ही अट क्रूर असून भारतीय स्त्रीत्वाचा उघड अपमान करणारी आहे, असे न्यायालयाने म्हटले. व्यवस्थापकीय संचालकांचा अनिर्बंध अधिकारही रद्द झाला. त्यामुळे वैद्यकीयदृष्ट्या सक्षम असणाऱ्या हवाई सुंदरीला ४५ पर्यंत सेवा करणे शक्य झाले. या दोन्ही गोष्टी निश्चितच महत्त्वाच्या होत्या.

तथापि निकालाची दुसरी बाजू अधिक दूरगामी ठरली. हवाई सुंदरी व सहायक फ्लाइट पर्सर हे दोन स्वतंत्र वर्ग आहेत, त्यामुळे त्यांच्यातील फरक हा भेदभाव नव्हे, असे न्यायालयाने ठरविले. चार वर्षे विवाह न करण्याची अट वैध मानली गेली. त्यासाठी दिलेली कारणे आज वाचताना आश्चर्य वाटते : मुलीचे आरोग्य, कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम, परिपक्व वयातील विवाह यशस्वी होण्याची अधिक शक्यता आणि नव्या नेमणुकांवर होणारा महामंडळाचा खर्च. १९६५ मध्ये औषध कंपनीच्या बाबतीत नाकारलेला विचार येथे लोककल्याणाच्या भाषेत परत आला.

इतिहासाच्या अभ्यासकाने यात आणखी एका बाबीकडे लक्ष दिले पाहिजे. न्यायालयाने आपल्या निष्कर्षांसाठी १९७९ च्या शासकीय घोषणेचा तसेच पूर्वीच्या निवाड्यांचा व समझोत्यांचा आधार घेतला. कामगार संघटनेने तडजोड म्हणून जे स्वीकारले होते, तेच आता स्त्रियांच्या विरोधातील पुरावा बनले. वाटाघाटीत आज सोडून दिलेला मुद्दा उद्या न्यायालयात 'मान्य केलेला' मुद्दा ठरतो, हा धडा कामगार चळवळीस नवा नाही. परंतु येथे ज्यांच्या वतीने तो सोडून दिला गेला त्या स्त्रियांचा वाटाघाटीतील आवाज किती होता, हा प्रश्न उरतो.

संसदेच्या दारी

न्यायालयाचे दार बंद झाल्यावर हवाई सुंदरींनी आपला मोर्चा लोकप्रतिनिधींकडे वळविला. हा कालखंड तुलनेने कमी चर्चिला गेला आहे, परंतु प्रत्यक्ष फलनिष्पत्तीच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. १९८७ मध्ये समान वेतन कायद्यात दुरुस्ती होऊन भरतीनंतरच्या पदोन्नती, प्रशिक्षण, बदली इत्यादी सेवाशर्तींतही भेदभावास मनाई करण्यात आली. आठव्या लोकसभेच्या याचिका समितीपुढे हवाई सुंदरींनी आपले गाऱ्हाणे मांडले. त्यानंतर १६ ऑक्टोबर १९८९ रोजी केंद्र शासनाने एअर कॉर्पोरेशन्स अधिनियमातील अधिकार वापरून महामंडळास निदेश दिला आणि हवाई सुंदरींचे निवृत्तीचे वय पुरुषांप्रमाणे ५८ करण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने आठ वर्षांपूर्वी जो फरक घटनासंमत मानला होता, तो शासनाने एका निदेशाने मिटविण्याचा प्रयत्न केला.

अर्थात हा विजय पूर्ण नव्हता. त्या वर्षाच्या अखेरीस दिलेल्या खुलाशानुसार एका ठरावीक वयानंतर हवाई सुंदरींना विमानातून उतरवून जमिनीवरील काम देण्याची मुभा महामंडळास राहिली. ही मर्यादा प्रथम ४५ व १९९० च्या दशकात ५० वर्षे करण्यात आली. नोकरी ५८ पर्यंत टिकली, परंतु उड्डाण ५० व्या वर्षी थांबले. पुरुष सहकारी मात्र ५८ पर्यंत उडत राहिले.

एकाच छताखाली दोन मते

पुढील वादात प्रतिनिधित्वाचा प्रश्न उघडपणे समोर आला. एअर इंडिया केबिन क्रू असोसिएशन ही स्त्री व पुरुष कर्मचाऱ्यांची मान्यताप्राप्त संघटना होती. पदोन्नती मिळून अधिकारी श्रेणीत गेलेल्या हवाई सुंदरींची एअर इंडिया एअर होस्टेसेस असोसिएशन ही वेगळी संघटना होती. ज्येष्ठ हवाई सुंदरींना ५८ पर्यंत उड्डाण करण्याचा समान हक्क हवा होता. उलट केबिन क्रू असोसिएशनची भूमिका पन्नाशीनंतर जमिनीवरील कामाची सोय कायम ठेवण्याची होती.

या मतभेदाकडे केवळ स्त्री विरुद्ध पुरुष असे पाहणे योग्य होणार नाही. रात्रीची उड्डाणे, सततचा वेळेतील बदल, घरापासून दीर्घकाळ दूर राहणे यांमुळे पन्नाशीनंतर जमिनीवर येण्याचा पर्याय अनेक स्त्री कर्मचाऱ्यांना सोयीचा वाटणे स्वाभाविक होते. तसेच अधिकारी श्रेणीतील स्त्रियांचे हित आणि कनिष्ठ श्रेणीतील स्त्रियांचे हित प्रत्येक बाबतीत एकच होते असेही नाही. परंतु पर्याय आणि सक्ती यांत फरक आहे. जिला उतरायचे तिला उतरू द्यावे, ही मागणी सर्वांना मान्य होण्याजोगी होती. जिला उडायचे तिलाही उतरविले जावे, असा तिचा अर्थ करणे न्याय्य नव्हते.

मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २००१ मध्ये ५० व्या वर्षी उड्डाण थांबविणे हा भेदभाव असल्याचा निर्णय दिला. त्याविरुद्ध केबिन क्रू असोसिएशन सर्वोच्च न्यायालयात गेली. 'एअर इंडिया केबिन क्रू असोसिएशन विरुद्ध येशविनी मर्चंट' या शीर्षकातच इतिहासाचा उपरोध दिसतो : एका बाजूला केबिन कर्मचाऱ्यांची संघटना आणि दुसऱ्या बाजूला केबिन कर्मचारी स्त्री. ११ जुलै २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निर्णय फिरविला. १९८१ चा निकाल आणि मान्यताप्राप्त संघटनेशी झालेले करार यांना या निर्णयात पुन्हा महत्त्व मिळाले.

याही वेळी उत्तर राजकीय मार्गानेच मिळाले. २००३ च्या उत्तरार्धात केंद्र शासनाने स्त्री कर्मचाऱ्यांना ५८ पर्यंत उड्डाण करू देण्याचा निर्णय घेतला. २७ डिसेंबर २००५ रोजी एअर इंडियाने विमानातील पर्यवेक्षकाचे पद स्त्रियांसाठी खुले केले. १९९७ पूर्वी रुजू झालेल्या पुरुष कर्मचाऱ्यांनी त्यास पूर्वीच्या कराराच्या आधारे आव्हान दिले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये व सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०११ मध्ये त्यांची मागणी फेटाळली. स्त्रीच्या हाताखाली काम करावे लागू नये यासाठी करारातील कलमांचा आधार घेणारा युक्तिवाद अखेर टिकला नाही.

समारोप

१९६५ ते २०११ या सुमारे साडेचार दशकांच्या वाटचालीवरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, हवाई सुंदरींच्या हक्कांचा इतिहास केवळ न्यायालयीन निकालांतून लिहिणे अपुरे आहे. १९८१ व २००३ या दोन्ही वेळी न्यायालयाने फरक मान्य केला आणि १९८९ व २००३ या दोन्ही वेळी तो शासकीय निर्णयाने कमी झाला. याचिका समितीपुढील निवेदन, कायद्यातील दुरुस्ती आणि शासकीय निदेश ही साधने न्यायालयीन खटल्याइतकी नाट्यमय नसतात. परंतु या लढ्यात निर्णायक ठरली ती हीच साधने.

दुसरा निष्कर्ष मर्यादेविषयी आहे. हा मार्ग उपलब्ध झाला तो मालक शासन होते म्हणून. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया पुन्हा टाटा समूहाकडे गेली. त्यामुळे संसदेमार्फत सेवाशर्ती बदलून घेण्याची ती जुनी वाट आता तशीच राहिलेली नाही. खाजगी विमान कंपन्यांत नोकरी करणाऱ्या मुलींना तर ती कधीच उपलब्ध नव्हती.

तिसरा निष्कर्ष सर्वांत महत्त्वाचा वाटतो. करार करण्याचा अधिकार बहुमताकडे असतो, पण कराराचे ओझे काही वेळा अल्पमताला वाहावे लागते. गिरणी कामगारांच्या बाबतीत मान्यताप्राप्त संघामागे बहुसंख्य संपकरी नव्हते. हवाई सुंदरींच्या बाबतीत मान्यताप्राप्त संघटना उड्डाणाचा हक्क मागणाऱ्या स्त्रियांच्या विरोधात उभी राहिली. कारणे भिन्न असली तरी परिणाम समान होता : कामगाराच्या नावाने दिलेली संमती कामगाराविरुद्ध वापरली गेली. औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्ये ५१ टक्के सदस्यसंख्या असणाऱ्या संघटनेस वाटाघाटीचा एकमेव अधिकार देण्याची तरतूद आहे. ही तरतूद वाटाघाटी सुलभ करील. परंतु ज्या कारखान्यात, बँकेत वा कार्यालयात स्त्रिया संख्येने कमी आहेत, तेथे त्यांच्या प्रसूती रजेचे, पाळीच्या वेळांचे व पदोन्नतीचे प्रश्न मागणीपत्रात कोणत्या क्रमांकावर येतील, याचे उत्तर ती देत नाही.

सातारा-सांगलीच्या साखर कारखान्यांत, सूतगिरण्यांत, सहकारी बँकांत आणि आपल्या शिक्षणसंस्थांतही संघटना आहेत आणि त्यांत स्त्री सदस्य आहेत. त्यांच्या कार्यकारिणीत किती स्त्रिया आहेत, आणि मागण्यांचा मसुदा तयार होताना त्या उपस्थित असतात काय, हे तपासणे कठीण नाही. हवाई सुंदरींना गमावलेले परत मिळविण्यासाठी जी अनेक वर्षे खर्ची घालावी लागली, ती पाहता हे तपासण्याचे काम करार झाल्यानंतर नव्हे, तर करारापूर्वी व्हावयास हवे.